मेलेला भाग वापस येते का?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय. "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" तेवढे कमी केलेत, त्याबद्दल आईनं आभार मानलेत.)

हेडफोन लावलेत? आज जरा घरातली गोष्ट सांगणार आहे. मग त्यातून सायन्सकडे जाऊ.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी मौद्याचा. नागपूरहून भंडारा रोडनं निघालं की कन्हानच्या काठी आमचं गाव लागतं. दुरून एनटीपीसीच्या चिमण्या दिसतात, त्या आमच्याच. बीटेक झालं आणि मी नोकरीसाठी पुण्यात आलो, सॉफ्टवेअरमध्ये. घरची शेती मोठे बाबा बघतात. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. धान, आणि थोडी मिरची.

तर धानाची कापणी चालू होती. सकाळी साडेसातला मोठ्या आईचा फोन आला. "बाबू, यांच्या छातीत भरून आलं आहे, जबडा दुखून राहिला म्हणते, घाम फुटला." मी तेव्हा ऑफिसच्या बसमध्ये होतो, अर्धवट झोपेत. आणि मी काय म्हणालो माहितीये? "रात्री काही तेलकट खाल्लं असेल, ॲसिडिटी असेल. गॅसची गोळी द्या आणि पडू द्या थोडं."

घरातला शिकलेला पोट्टा मी. माझं ऐकलं त्यांनी. चार तास गेले. दुपारी चुलतभावानं गाडी काढली आणि नागपूर गाठलं. ईसीजी काढला तर मोठा अटॅक. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. जीव वाचला. दोन दिवसांनी टू-डी इको झाला, तर पंपिंग ३० टक्के. चांगल्या हृदयाचं ५०-५५च्या वर असतं.

मी तोवर नागपूरला पोचलो होतो. डॉक्टर राउंडला आले तेव्हा मोठ्या बाबांनी एकच प्रश्न विचारला. "साहेब, जो भाग मेला, तो वापस येते का?" डॉक्टर म्हणाले, "मेलेला येत नाही. उरलेला सांभाळू." आणि पुढच्या बेडकडे गेले. त्यांनाही वीस पेशंट बघायचे होते.

माझ्या डोक्यातून तो प्रश्न काही जाईना. का येत नाही? हाड जुळतं. कातडी भरून येते. लिव्हरचा मोठा तुकडा कापला तरी ते परत वाढतं. मग हृदयालाच काय झालं? पुढचे काही महिने मी रात्री पेपर वाचत होतो. वर्तमानपत्र नाही, रिसर्च पेपर. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जे समजलं ते सांगतो.

आधी अटॅकमध्ये होतं काय ते बघू. हृदय स्वतःच एक स्नायू आहे आणि त्यालाही रक्त लागतं. ते देणाऱ्या नळीत गुठळी अडकली की पुढच्या भागाचा ऑक्सिजन बंद होतो आणि तिथल्या पेशी मरायला लागतात. आपल्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात, जो सगळ्या शरीराला रक्त ढकलतो, साधारण दोनशे ते चारशे कोटी स्नायूपेशी असतात. मोठ्या अटॅकमध्ये त्यातल्या शंभर कोटीपर्यंत जाऊ शकतात. आणि हे सगळं काही तासांत होतं. माझे चार तास आठवा.

मेलेल्या जागी मग व्रण तयार होतो. कोलॅजनचा, चिवट, पांढरट. शरीराला दोष देऊ नका यात. हृदय दिवसाला लाखभर वेळा धडधडतं. भिंतीत मेलेला मऊ भाग तसाच ठेवला तर ती फुटेल. म्हणून शरीर घाईनं ठिगळ लावतं. आम्ही रात्री दोन वाजता प्रॉडक्शनवर करतो ना, तसंच. सर्व्हर पडू नये एवढंच बघायचं. पण ठिगळ आकुंचन पावत नाही, ते नुसतं धरून ठेवतं. बाकीच्या भागावर ताण येतो, हृदय हळूहळू फुगतं, पंपिंग आणखी उतरतं.

आता मोठ्या बाबांचा प्रश्न. नवीन स्नायूपेशी मुळीच होत नाहीत का? खूप वर्षं असंच मानत होते की जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच. हे तपासणारच कसं? जिवंत माणसाचं हृदय उघडून तर मोजता येत नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन यांच्या टीमनं यावर जी युक्ती काढली, ती मला आजवर वाचलेल्या युक्त्यांमध्ये सगळ्यात भारी वाटते.

१९५०च्या दशकापासून १९६३पर्यंत अमेरिका, रशिया वगैरे देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेत कार्बन-१४ अचानक वाढला. १९६३ला करार झाला, उघड्यावरच्या चाचण्या थांबवायचं ठरलं आणि तो पुढे हळूहळू उतरत गेला. झाडं हा कार्बन घेतात, आपण झाडं खातो, आणि नवीन पेशी तयार होताना तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीचा कार्बन कायमचा बसतो. म्हणजे प्रत्येक पेशीवर जन्मतारखेचा शिक्का. आता एखादा माणूस बॉम्बच्या आधी जन्मलेला, आणि त्याच्या हृदयाच्या पेशींमध्ये बॉम्बनंतरचा कार्बन सापडला, तर? तर त्या पेशी नंतर तयार झाल्या. पेपर २००९मध्ये 'सायन्स'मध्ये आला. उत्तर निघालं: पंचविसाव्या वर्षी वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नवीन होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्का. सगळ्या आयुष्यात मिळून निम्म्यासुद्धा बदलत नाहीत.

मी कागदावर हिशोब केला. समजा तीनशे कोटींतल्या शंभर कोटी गेल्या, दोनशे कोटी राहिल्या. अर्धा टक्का धरला तर वर्षाला एक कोटी. म्हणजे भरून यायला शंभर वर्षं, आणि तेही दरम्यान एकही जुनी पेशी मेली नाही तर. मोठे बाबा तेव्हा अठ्ठावन्नचे होते. हिशोब अगदी ढोबळ आहे, पण डॉक्टर "येत नाही" का म्हणाले ते कळलं. तोटी बंद नाही, थेंब थेंब गळतेय. त्यानं टाकी भरत नाही.

आता मासोळीची गोष्ट. एपिसोडचा हा भाग माझा लाडका आहे.

झेब्राफिश. तीन-चार सेंटीमीटरची, अंगावर निळसर पट्टे, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळते. परदेशी वाटते पण आहे आपल्याच देशातली. ओढे, डबकी, धानाच्या बांध्यांत साचलेलं उथळ पाणी, हे तिचं घर. १८२२मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात तिची पहिली नोंद केली. २००२मध्ये केनेथ पॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या मासोळीच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा पाचवा भाग कापून टाकला, तरी दोन महिन्यांत तो परत येतो. ठिगळ नाही, खरा धडधडणारा स्नायू.

येतो कुठून? २०१०मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी शोधलं. कुठलीही जादूची स्टेम सेल येत नाही. जखमेशेजारच्या जुन्याच स्नायूपेशी आपलं आकुंचनाचं सामान थोडं आवरतात, लहान झाल्यासारख्या होतात, दोनाच्या चार होतात आणि परत कामाला लागतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि यातलं काम पुण्यात झालंय. मी रोज ज्या बाजूनं जायचो तिथेच! आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. (रस्ता गोपाळ गणेश आगरकरांचा, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची. मी दोन वर्षं एकच समजत होतो.) संस्था १९४६ची. तिथे डॉ. चिन्मय पात्रा यांची लॅब झेब्राफिशच्या हृदयावर काम करते. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पेपर २०२१मध्ये 'डेव्हलपमेंट' या जर्नलमध्ये आला. बरोबर जर्मनी-अमेरिकेतले लोकही होते, वर सांगितलेले पॉससुद्धा.

त्यात एक जीन आहे, सीसीएन२ए. मासोळीच्या हृदयाला जखम झाली की आतल्या अस्तराच्या पेशी हा जीन चालू करतात. त्याचं प्रोटीन पेशीबाहेर टाकलं जातं, शेजाऱ्यांना निरोप दिल्यासारखं. नेहमीच्या मासोळीत काय होतं, तर जखमेत आधी नवीन रक्तवाहिन्या येतात आणि स्नायूपेशी त्यांच्या कडेकडेनं आत सरकतात. हा जीन बिघडवला तर रक्तवाहिन्या व्यवस्थित येतात, पण स्नायूपेशी पुरेशा वाढत नाहीत, जागा भरत नाही. रस्ता झाला, वस्ती आलीच नाही. उलट हे प्रोटीन जास्त तयार करायला लावलं तर पेशी जास्त विभागतात आणि मध्ये साठलेलं कोलॅजनही चांगलं साफ होतं.

आता गंमत बघा. याच प्रोटीनचा सस्तन प्राण्यांतला भाऊबंद व्रण घट्ट करण्याबद्दल बदनाम आहे. फंक्शनचं नाव जवळपास तेच, पण दुसऱ्या सिस्टिममध्ये चालवलं की आउटपुट वेगळं. त्यामुळे "मासोळीचा जीन माणसात टाका, झालं काम" असं कुणी म्हणालं, तर दोन पावलं मागे सरका.

मग आपल्यात ही ताकद कधीच नव्हती का? होती. २०११मध्ये अमेरिकेत टेक्ससच्या एका टीमनं दाखवलं, की उंदराचं पिल्लू एक दिवसाचं असताना हृदयाचं टोक कापलं तर परत येतं. सात दिवसांचं झालं की येत नाही, व्रण होतो. एका आठवड्यात दार बंद! माणसात असा प्रयोग करता येत नाही, पण २०१६मध्ये ऑस्ट्रियाच्या डॉक्टरांनी एका नवजात बाळाची केस छापली. बाळाला जन्मानंतर लगेच मोठा हार्ट अटॅक आला आणि त्याचं हृदय पुढे जवळपास पूर्ण सावरलं. एका केसवरून नियम होत नाही, तरी वाचून अंगावर काटा आला.

दार बंद का होतं? जन्मल्यावर श्वास सुरू होतो, ऑक्सिजन वाढतो. थायरॉइडचं हार्मोन वाढतं. उष्ण रक्ताच्या प्राण्यांनी शरीर गरम ठेवण्यासाठी दिलेली ही किंमत असावी, असा एक विचार २०१९च्या एका पेपरनं मांडला. मला इंजिनियर म्हणून पटतं ते असं: पेशी विभागायची तर तिला आकुंचनाची यंत्रणा सोडावी लागते, काम थांबवावं लागतं. मासोळीचं हृदय कमी दाबावर चालतं, तिला ते परवडतं. आपलं पंपिंग सतत जोरात लागतं. शरीरानं कोड फ्रीज केला.

तो फ्रीज उठवायचा प्रयत्न झालाय, डुकरांवर. डुकराचं हृदय आपल्याएवढं असतं. २०१९मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या कामात अटॅक दिलेल्या डुकरांच्या हृदयात एक मायक्रोआरएनए विषाणूच्या मदतीनं पोचवला. महिन्याभरात व्रण लहान झाला, स्नायू वाढला, पंपिंग सुधारलं. वाचताना मी खुर्चीतून उठलोच. आणि पुढचं वाक्य: त्यानंतर बहुतेक डुकरं अचानक मेली. ठोक्यांची लय बिघडून. पेशींना "वाढा" सांगितलं होतं, "थांबा" सांगणारं कुणी नव्हतं. लूप लिहिला आणि बाहेर पडायची अटच लिहिली नाही. नवीन कच्च्या पेशी विजेच्या तालात बसल्या नाहीत.

म्हणून आता शोध चाललाय तो फक्त जखमेपुरतं आणि ठरावीक काळापुरतं चालू होणाऱ्या गोष्टीचा. नेदरलँड्सच्या ह्युब्रेख्त इन्स्टिट्यूटनं २०२५मध्ये मासोळीतलं एचएमजीए१ नावाचं प्रोटीन उंदरात वापरलं. तिथे पेशी फक्त जखमेजवळच विभागल्या. पण उंदीर आहे तो, एवढं लक्षात असू द्या.

दुसरी वाट म्हणजे बाहेर स्नायू बनवून आत लावायचा. जपानच्या शिन्या यामानाकांनी साध्या पेशीला मागे नेऊन जवळजवळ भ्रूणातल्या पेशीसारखं बनवायची रीत शोधली, २०१२चं नोबेल मिळालं. तशा पेशींपासून हृदयाचा स्नायू बनतो. ओसाकात २०२०मध्ये अशा पेशींचा पातळ थर पहिल्यांदा पेशंटच्या हृदयावर बसवला. जर्मनीत ग्योटिंगेनच्या टीमनं जाडसर धडधडणारे तुकडे आधी माकडांच्या, मग पेशंटच्या हृदयावर लावले. २०२५च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये ते आलं. त्यातल्या एका बाईंना पुढे हृदय प्रत्यारोपण झालं, तेव्हा काढलेल्या जुन्या हृदयात लावलेला स्नायू जिवंत सापडला. ही खरी बातमी आहे. पण अजून ट्रायल चालू आहेत, दुकानात मिळणारी वस्तू नाही.

आणि आता दुकानाबद्दलच बोलायचंय.

मोठे बाबा घरी आले त्याच्या तिसऱ्या आठवड्यात चुलतभावाला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला. दुसऱ्या शहरातलं एक सेंटर, नाव घेत नाही. "स्टेम सेलनं हृदय पुन्हा नवं." एक पेशंट जिना चढतोय, आधीचं पंपिंग ३०, नंतरचं ४२. खर्च काही लाख. भाऊ म्हणाला, "दोन एकर विकू. बाप राहिला पाहिजे." यावर काय बोलणार? ॲसिडिटी म्हणणारा मीच होतो. मला वाटलं, मीच पैसे भरावेत, मीच कर्ज काढावं.

तेव्हा या वाचनाचा उपयोग झाला. स्टेम सेलनं हृदय भरतं हा दावा मोठा झाला तो २००१च्या सुमारास, पिएरो अँव्हर्सा या अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञामुळे. आधी अस्थिमज्जेतल्या पेशी, मग हृदयातच स्टेम सेल असतात असा दावा. २००४मध्येच इतर लॅबना अस्थिमज्जेचा प्रयोग परत करून तसं काही मिळालं नाही. तरी वर्षानुवर्षं पैसा आणि पेशंटवरचे ट्रायल चालू राहिले. २०१७मध्ये त्यांच्या हॉस्पिटलनं अमेरिकन सरकारला १ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. २०१८मध्ये हार्वर्डनं सांगितलं की त्यांच्या लॅबचे ३१ पेपर मागे घ्या, त्यात डेटा खोटा आहे. मासोळीत स्टेम सेल नाही तर जुन्याच पेशी विभागतात असं म्हणालो होतो, ते म्हणूनच लक्षात ठेवायला सांगितलं.

मी त्या सेंटरला फोन लावला. विचारलं, तुमचा सीटीआरआय नंबर काय? सीटीआरआय म्हणजे आपल्याकडची ट्रायलची सरकारी नोंद, वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येते. समोरून गोड आवाज आला, "सर, ट्रायल नाही, ही ट्रीटमेंट आहे." आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, रक्ताच्या वगैरे ठरलेल्या आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यता घेतलेल्या ट्रायलमध्येच करायचा, आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. हे सांगितल्यावर "डॉक्टरांना विचारून कळवतो" म्हणाले. अजून कळवतायत.

पण भावाला हे पटेना. तो म्हणे, "मग ३०चं ४२ कसं झालं? रिपोर्ट आहे ना." प्रश्न रास्त होता. याचं उत्तर मिळायला मला वेळ लागला.

अटॅकनंतर सगळा थंड पडलेला स्नायू मेलेला नसतो. काही भाग जिवंत असतो पण गुंगीत गेलेला असतो, हलत नाही. रक्त परत सुरू झालं की तो काही दिवसांत, काही आठवड्यांत जागा होतो. दुसऱ्या दिवशीच्या इकोमध्ये मेलेला आणि गुंगीतला दोन्ही सारखेच गप्प दिसतात. म्हणून खूप पेशंटचं पंपिंग स्टेंट आणि औषधांवर आपोआप चढतं, कुठलंही इंजेक्शन न देता. मध्ये इंजेक्शन दिलं तर श्रेय कुणाला जाईल? म्हणूनच खऱ्या ट्रायलमध्ये एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला नाही, आणि दोन्हींची तुलना करतात. व्हिडिओत दुसरा गट नसतो.

मी भावाला म्हणालो, तीन महिने थांब. इको होऊ दे, मग बोलू. तो थांबला, पण माझ्याशी बोलणं त्यानं कमी केलं. मला रात्री झोप लागत नव्हती. आपण दुसऱ्यांदा चुकत असलो तर?

मोठे बाबा गोळ्या वेळेवर घेत होते. तंबाखू सुटली, हे आमच्या घरातलं आठवं आश्चर्य. आधी अंगणात फेऱ्या, मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाढवत वाढवत नदीकडच्या रस्त्यापर्यंत. मीठ कमी केलं म्हणून मोठ्या आईशी रोज भांडण. तीन महिन्यांनी इको झाला. पंपिंग ४१.

भावानं रिपोर्ट दोनदा वाचला. काही बोलला नाही. बाहेर जाऊन चहा घेऊन आला, माझ्यासाठीपण.

जे मेलं ते मेलंच आहे. व्रण तिथेच आहे, इकोत दिसतो. ११ टक्के वाढले ते गुंगीतून उठलेल्या भागाचे आणि औषधांचे. माझ्या फोननंतरच्या त्या चार तासांत किती गेलं, त्याचा आकडा कुठल्याच मशीनवर येत नाही. आता आमच्या घरात छातीत दुखणं, जबडा किंवा हात दुखणं, घाम, असं काही झालं की मला फोन नाही करत. आधी १०८. भिंतीवर मोठ्या आईनं खडूनं लिहून ठेवलंय.

मागच्या दिवाळीत मोठ्या बाबांना मी मासोळीचा व्हिडिओ दाखवला. मायक्रोस्कोपखाली तिचं ते एवढंसं हृदय, परत भरून आलेलं, धडधडतं. त्यांनी मोबाइल जवळ घेतला, लांब नेला, चष्मा वर केला.

"ही तर आपल्या बांधीत राहते तशी दिसते."

मी म्हणालो, "तशाच पाण्यातली आहे. पुण्यात तिच्यावर काम चालू आहे."

"आन् हिले येते वापस?"

"हो."

"आपल्याले?"

"अजून नाही."

"मंग त्या पुण्यावाल्यायले सांग, घाई करा म्हणा," म्हणाले, आणि मोबाइल परत दिला. "पण मोठ्या आईले नको दाखवू. रस्सा करते ती मासोळीचा, मले मीठ नाही चालत."

चला. पुढच्या एपिसोडमध्ये व्रण नेमका बनतो कसा, ते बघू. बऱ्याच जणांनी विचारलंय. भेटू.